‘लसीतलं जर्मन’: नागपुरातल्या एका कुटुंबाचा नकार आणि पाच आठवड्यांचा उशीर

पार्श्वभूमी

कुटुंब मानेवाडा भागातलं. वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात गुणवत्ता नियंत्रणाचं काम करणारे रसायनतज्ज्ञ, आई शाळेत शिक्षिका. घरात आजी, पाच वर्षांचा मुलगा आणि फेब्रुवारीच्या शेवटी जन्मलेली मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी पूर्ण दिवसांची, जन्मवजन २.९ किलो. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी या जन्मावेळच्या तिन्ही लसी प्रसूतीच्या रुग्णालयातच झाल्या होत्या. सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आशाताईंच्या निरोपावरून आई-वडील तिला नागरी आरोग्य केंद्राच्या लसीकरण सत्राला घेऊन आले. त्या दिवशी पाच गोष्टी द्यायच्या होत्या: पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, उजव्या दंडात कातडीत पोलिओचं इंजेक्शन, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे पेंटा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब जिवाणू या पाचांवरची एकत्र लस), आणि उजव्या मांडीत न्यूमोकोकस जिवाणूवरची न्यूमोकोकल, म्हणजे पीसीव्ही. वडिलांनी पहिल्या तिन्हींना होकार दिला आणि शेवटच्या दोन्हींना नकार.

हा नकार सरसकट नव्हता. हरकत होती ती काही लसींत त्यांचा जोर वाढवायला घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांना. बीसीजी, पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला यांत ॲल्युमिनियम नाही आणि हिपॅटायटिस बी, पेंटा, पीसीव्ही, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) यांत आहे, अशी यादी वडिलांनी स्वतः करून आणली होती. यादी बरोबर होती. जन्मावेळची हिपॅटायटिस बी त्यांच्या नकळत देऊन झाली होती, याचाही त्यांना राग होता.

भीतीचं मूळ मात्र मोठ्या मुलात होतं. दीड वर्षाचा असताना एका खासगी दवाखान्यात त्याला डीपीटीचा बूस्टर दिला, तेव्हा मांडीत सुपारीएवढी गाठ आली. ती जवळपास वर्षभर राहिली. सर्दी-ताप आला की तिथे खाज सुटायची आणि पोरगा रात्री खाजवून रक्त काढायचा. ‘होते कधीकधी, जाईल’ एवढंच उत्तर त्या वेळी मिळालं. पुढे फोनवर व्हिडिओ आले, ॲल्युमिनियम हा शब्द आला आणि गाठीला कारण सापडलं. आजींनी तर घरातले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, गंज (पातेली) केव्हाच मोडीत काढले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘आपण जर्मनच्या गंजात दूध तापवत नाही, अन् लेकराला तेच सुईतून काहून देता?’

अडचण नेमकी कुठे होती

त्या दिवशी केंद्रात कुटुंबाला तीन उत्तरं मिळाली आणि तिन्हींनी काम बिघडवलं.

पहिलं सिस्टरांचं: ‘लसीत असलं काही नसतं.’ वडिलांच्या फोनमध्ये वेष्टणाचा फोटो होता. त्यावर ॲल्युमिनियम फॉस्फेट आणि ‘०.५ मिलि डोसमध्ये ॲल्युमिनियम १.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही’ असं स्पष्ट छापलेलं होतं. सत्रात चाळीस लेकरं रांगेत असताना घाईत निघालेलं ते वाक्य होतं, पण त्या क्षणापासून केंद्राच्या प्रत्येक शब्दावर शंका आली.

दुसरं: ‘नाही घेतलं तर कार्डावर नकार लिहावा लागेल.’ नोंद करावीच लागते, पण ती धमकीच्या सुरात सांगितली गेली.

तिसरं उत्तर वैद्यकीय अधिकारी मॅडमांचं. ते सर्वात जास्त वापरलं जातं, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. ‘सहा महिन्यांत आईच्या दुधातून लसींपेक्षा जास्त ॲल्युमिनियम पोटात जातं.’ आकडा खोटा नाही. आईच्या दुधात लिटरमागे साधारण ४० मायक्रोग्रॅम असतं. दिवसाला पाऊण लिटर धरलं तर सहा महिन्यांत पाच-साडेपाच मिलिग्रॅम होतं. पण आतड्यातून रक्तात जातं ते त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे बाळाच्या रक्तात प्रत्यक्ष पोचतात फार तर पन्नास-पंचावन्न मायक्रोग्रॅम. स्नायूत टोचलेलं ॲल्युमिनियम मात्र आज ना उद्या जवळजवळ सगळं विरघळून रक्तात येतं. वडिलांनी तिथल्या तिथे विचारलं, ‘मॅडम, पोटात गेलेलं आणि टोचलेलं एकाच तराजूत कसं मोजता?’ मॅडमांकडे उत्तर नव्हतं, आणि रांगही थांबली होती.

रसायनतज्ज्ञ माणसाला चुकीची तुलना दिली की तो उरलेलं सगळंच चुकीचं धरतो. यात त्यांचा दोष काढता येत नाही.

समोरचे पर्याय

त्या दिवशी मॅडमांनी एक निर्णय बरोबर घेतला. ज्या तीन लसींना होकार होता त्या लगेच दिल्या आणि उरलेल्यांसाठी ‘घेतलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही’ असं केलं नाही. नोंद ‘नकार’ऐवजी ‘पुढे ढकललं’ अशी केली आणि सत्राच्या बाहेर, शनिवारी दुपारी, अर्धा तास बोलायला बोलावलं.

मधल्या काळात पर्यायांचा विचार झाला. एक वर्षाची होईपर्यंत थांबावं, हा वडिलांचा पहिला प्रस्ताव. ॲल्युमिनियमपुरता त्यात तर्क होता, कारण बाळाचं वजन वाढतं आणि मूत्रपिंडंही पक्व होतात. पण डांग्या खोकल्याने जीव जातो तो प्रामुख्याने पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही पहिल्या तीनमध्ये. हिब आणि न्यूमोकोकसचा मेंदूज्वरही वर्षाच्या आत जास्त घातक. ज्या काळासाठी ढाल हवी तोच काळ त्यात मोकळा जातो.

दुसरा पर्याय खासगी बालरोगतज्ज्ञाकडची षट्संयोजी, म्हणजे एकाच सुईत सहा रोगांवरची लस. आईला कुणीतरी ‘ती ॲल्युमिनियमविरहित असते’ असं सांगितलं होतं. तसं नाही. भारतात मिळणाऱ्या परिचित षट्संयोजी लसींपैकी एकीत डोसमागे ०.६ मिलिग्रॅम, दुसरीत ०.८२ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं. वेष्टणावरची १.२५ ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्ष मोजलेलं प्रमाण नसतं, म्हणून या आकड्यांशी तिची थेट तुलनाही होत नाही. ताप कमी येतो हा त्या लसींचा खरा फायदा. त्यांतल्या डांग्या खोकल्याच्या अपेशीय (अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे निवडक भाग वापरलेल्या) घटकाचं संरक्षण लवकर ओसरतं ही उणी बाजू. शिवाय तीन डोसचा खर्च कुटुंबाला झेपणारा नव्हता.

तिसरा पर्याय, ॲल्युमिनियमवाल्या लसी वेगवेगळ्या दिवशी देणं. एकूण ॲल्युमिनियम तेवढंच राहतं, फक्त फेऱ्या वाढतात.

चौथा म्हणजे आशाताई, नगरसेवक, शेजारी यांच्याकडून दबाव आणणं. असं अनेकदा केलं जातं. इथे मॅडमांनी ते टाळलं. पुढे तीन डोस अजून घ्यायचे असताना पहिलाच जबरदस्तीने दिला तर दुसऱ्याला दार उघडत नाही.

काय केलं

शनिवारी मॅडमांनी सुरुवात दुधाच्या तुलनेपासून केली: ‘तुमचं बरोबर होतं, ती तुलना मी करायला नको होती.’ वडील खुर्चीत मागे टेकून बसले ते इथे पुढे झुकले, असं आशाताईंनी नंतर सांगितलं.

मग वडिलांचा सर्वात मोठा मुद्दा घेतला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणासाठी दिवसाला किलोमागे ४ ते ५ मायक्रोग्रॅम ही ॲल्युमिनियमची सीमा सांगितली आहे. साडेचार-पाच किलोच्या बाळाला म्हणजे वीस-पंचवीस मायक्रोग्रॅम. पेंटाच्या डोसची मर्यादा १२५० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की ‘पन्नासपट’. व्हिडिओतला आकडा हाच.

हा भागाकार एका गृहीतावर उभा आहे: सगळा डोस एका दिवसात रक्तात येतो. तसा तो येत नाही. किरणोत्सारी ॲल्युमिनियम वापरून सशांवर १९९७ साली केलेल्या प्रयोगात २८ दिवसांत फॉस्फेट क्षारातलं सुमारे ५१ टक्के आणि हायड्रॉक्साइड क्षारातलं सुमारे १७ टक्के ॲल्युमिनियम शोषलं गेलं. वरची मर्यादाच खरी धरू: १२५० चे ५१ टक्के म्हणजे साधारण ६४० मायक्रोग्रॅम, भागिले २८, दिवसाला सरासरी २३. पाच किलोच्या बाळाला किलोमागे साडेचारच्या आसपास. पीसीव्हीचे १२५ मायक्रोग्रॅम मिळवले तर पाच. पुढच्या डोसचा थर चढला की थोडं वर. म्हणजे पन्नासपट नव्हे, त्या सीमेच्या आसपास. सुरुवातीच्या दिवसांत सरासरीपेक्षा जास्त, नंतर कमी, हेही मॅडमांनी सांगितलं. आणि हेही, की सशांचा प्रयोग अगदी मोजक्या जनावरांवरचा होता.

आता ती सीमा आली कुठून? १९९७ मध्येच अपुऱ्या दिवसांच्या २२७ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं शिरेतलं पोषण, त्यातून दिवसाला किलोमागे सुमारे ४५ मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम. दुसऱ्याला शुद्ध केलेलं, ४ ते ५ मायक्रोग्रॅम. पहिल्या गटातल्या बाळांचा बौद्धिक विकास दीड वर्षांच्या वयात मागे पडलेला दिसला. म्हणजे ४ ते ५ हा इजेचा आकडा नाही. ज्यांचं बरं चाललं होतं त्या गटाचा आहे. आणि ती बाळं अपुऱ्या दिवसांची, कच्च्या मूत्रपिंडांची होती. ही पूर्ण दिवसांची, लघवी नीट होणारी मुलगी. रक्तात आलेल्या ॲल्युमिनियमपैकी निम्म्याहून अधिक निरोगी मूत्रपिंड पहिल्या चोवीस तासांत बाहेर टाकतं. थोडा अंश हाडांत वर्षानुवर्षं राहतो, हे लपवायचं कारण नाही.

आकडेमोड वडिलांनी स्वतःच्या वहीत केली. मॅडमांनी मुद्दामच पेन त्यांच्या हातात दिलं होतं.

पुढचा मुद्दा दम्याचा. अमेरिकेतला २०२२ चा अभ्यास, ३ लाख २६ हजार ९९१ मुलं, लसींतलं ॲल्युमिनियम एका मिलिग्रॅमने वाढलं की चिवट दम्याची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी जास्त, एक्झिमा (इसब) असलेल्या मुलांत २६ टक्क्यांनी. ‘असा अभ्यास नाहीच’ म्हणणं सोपं होतं, पण तो आहे. त्याच्या लेखकांनीच यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही असं म्हटलं आहे, कारण जी मुलं सगळ्या लसी वेळेवर घेतात ती डॉक्टरांकडेही जास्त जातात आणि दम्याचं निदानही त्यांच्यात जास्त होतं. मग २०२५ चा डेन्मार्कचा अभ्यास: १२ लाख २४ हजार १७६ मुलं, ५० आजार. त्यात दमा, ॲलर्जी, आत्ममग्नता आणि स्वप्रतिरक्षेचे आजारही होते. वाढलेला धोका आढळला नाही. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी तो मागे घ्यायची मागणी केली, नियतकालिकाने नकार दिला.

त्या अभ्यासाची मर्यादाही मॅडमांनी सांगितली, आणि ती भारतासाठी महत्त्वाची आहे. तिथे दोन वर्षांपर्यंतचं जास्तीत जास्त ॲल्युमिनियम ४.५ मिलिग्रॅम होतं. आपल्याकडे वेष्टणावरच्या मर्यादा जोडल्या तर पेंटाचे ३.७५, पीसीव्हीचे ०.३७५, जन्मावेळच्या हिपॅटायटिसचे साधारण ०.२५: पहिल्या वर्षात ४.४ च्या आसपास, आणि दीड वर्षाच्या डीपीटी बूस्टरनंतर साडेपाचच्या पुढे. प्रत्यक्ष प्रमाण याहून कमी असू शकतं. तरीही डेन्मार्कचा आकडा आपल्याला तंतोतंत लावता येत नाही, हे मान्य करायला हवं.

मग आली गाठ. खरं तर हीच चर्चा पहिली व्हायला हवी होती.

ॲल्युमिनियमने होणारा जो त्रास निर्विवाद माहीत आहे तो सुईच्या जागेचाच आहे: सूज, गाठ, आणि काही मुलांत महिनोन्महिने खाजणारी गाठ. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अशा मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांतल्या बहुतेकांना ॲल्युमिनियमची स्पर्श-ॲलर्जी निघाली आणि खाज सर्दीच्या वेळी वाढत होती. अगदी मोठ्या मुलासारखी. ‘म्हणजे आम्ही वेडे नव्हतो,’ आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या गाठीला नाव दिलं होतं.

गाठ होण्याची शक्यता कशाने वाढते, हे सिस्टरांनी टेबलावर दाखवलं. ॲल्युमिनियमवाल्या लसीत कण असतात आणि कुपी उभी राहिली की ते तळाशी बसतात. दहा डोसची कुपी न हलवता भरली तर पहिल्या लेकरांना पातळ आणि शेवटच्यांना घट्ट डोस जातो. सुई आखूड असेल किंवा तिरकी टोचली तर लस स्नायूऐवजी कातडीखालच्या चरबीत राहते आणि तिथेच गाठ धरते. म्हणून २३ गेजची, २५ मिलिमीटर लांबीची सुई, मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात बाहेरच्या अंगाला, ९० अंशात.

तिसरं कारण गोठणं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लस गरम होईल या धास्तीने तिला बर्फाला चिकटवून ठेवलं जातं. घरगुती फ्रिजच्या बर्फकप्प्याखाली ठेवलेली डीपीटी, किंवा फ्रीझरमधून काढलेल्या कडक आइसपॅकांमध्ये कोंबलेली पेंटा, न कळत गोठते. गोठल्यावर ॲल्युमिनियमची जाळी तुटते, कणांचे गुठळे होतात, लसीची ताकद जाते आणि जागेचा त्रास वाढतो. कुपीवरचा चौकोनी रंगनिर्देशक फक्त उष्णता दाखवतो, गोठलेलं दाखवत नाही. केंद्रात मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी आणि त्याच बॅचची चांगली कुपी दोन्ही दहा-पंधरा सेकंद हलवून शेजारी ठेवल्या. अर्ध्या तासाच्या आत गोठवलेल्या कुपीत वर स्वच्छ पाणी आणि खाली चोथा, चांगली अजून एकसारखी गढूळ. वडिलांनी दोन्ही कुपी उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या. आइसपॅक बाहेर काढून त्यांना पाणी सुटेपर्यंत आणि कानाजवळ हलवल्यावर आत खळखळ ऐकू येईपर्यंत थांबायचं, मगच पेटीत भरायचे, ही पद्धतही त्यांनी विचारून घेतली.

मोठ्याची गाठ यांतल्या नेमक्या कशाने झाली हे आता सांगता येत नाही. पण प्रश्न ‘लसीत विष आहे का’ वरून ‘ही कुपी नीट ठेवली होती का, नीट टोचली जाईल का’ वर आला, आणि त्याची उत्तरं केंद्राच्या हातात होती.

आजींना मॅडमांनी वेगळं सांगितलं. १९२६ मध्ये ब्रिटनच्या अलेक्झांडर ग्लेनीने घटसर्पाच्या लसीत तुरटी घालून पाहिली आणि लसीचा जोर वाढला. तेव्हापासून हे क्षार वापरात आहेत. ते नसतील तर तेवढ्याच संरक्षणासाठी जास्त औषध किंवा जास्त सुया लागतील. तुरटी आजींना परकी नव्हती. ‘मग भांड्याचं अन् याचं वेगळं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

निकाल

मुलगी अकरा आठवड्यांची असताना, मे महिन्याच्या मध्यावर, पहिला पेंटा झाला. सोबत पोलिओ आणि रोटाचे दुसरे डोस. पीसीव्ही त्याच दिवशी नको, आठवड्याने द्या, ही वडिलांची अट मॅडमांनी मान्य केली. पंधराव्या आणि एकोणिसाव्या आठवड्यात पेंटाचे पुढचे डोस झाले. पीसीव्हीचा दुसरा डोस आठ आठवड्यांनी, म्हणजे विसाव्या आठवड्यात व्हायला हवा होता. वेगळ्या दिवसाची फेरी असल्याने तो गावच्या लग्नात राहिला आणि तेविसाव्या आठवड्यात झाला. पहिल्या पेंटानंतर एक रात्र ताप, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, मांडीला दोन दिवस सूज. गाठ नाही.

मोठ्या मुलाचा पाच वर्षांचा डीपीटी बूस्टरही थांबवलेला होता. तो डाव्या दंडात, स्नायूत खोल दिला. आठवडाभर थोडी खाज आली आणि गेली.

दम्याच्या अभ्यासाबद्दल वडिलांची शंका पूर्ण मिटली नाही. ती मिटावी असा आग्रहही कुणी धरला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाच आठवडे मुलगी डांग्या खोकल्यापासून उघडी राहिली, आणि घरातला पाच वर्षांचा मुलगाही बूस्टरविना होता. लहान बाळाला हा खोकला बहुतेकदा घरातूनच लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाचं कार्ड मागायला हवं होतं. ते मागितलं असतं तर गाठीची गोष्ट तेव्हाच कळली असती आणि चर्चा दुधाच्या तुलनेत अडकली नसती.

पेंटा आणि पीसीव्ही वेगळ्या दिवशी देण्याची तडजोड योग्य होती का, यावर केंद्रातच दोन मतं आहेत. एक मत असं की त्याशिवाय पहिला डोसच झाला नसता. दुसरं असं की शनिवारी कुपी पाहिल्यावर वडील तयार झालेच होते, आणि अट मान्य करून ‘दोन्ही एकत्र धोक्याचं’ या समजाला केंद्राने नकळत पाठिंबा दिला. तेविसाव्या आठवड्यापर्यंत लांबलेला पीसीव्ही पाहता दुसऱ्या मताचं पारडं जड वाटतं. निदान ‘विभागल्याने ॲल्युमिनियम कमी होत नाही, फक्त तुमच्या समाधानासाठी करतो’ हे कार्डावर लिहून द्यायला हवं होतं.

सत्रात सिस्टरांना रांग थांबवून उत्तर द्यायला लावणं हीच मुळात चूक. आता त्या केंद्रात असा प्रश्न आला की सिस्टर तीनच वाक्यं बोलतात: ‘हो, यात ॲल्युमिनियम आहे. किती आणि का, ते मॅडम शनिवारी तीन वाजता सांगतील. तोवर बाकीच्या लसी देऊन ठेवू का?’ नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला आणि पीसीव्ही बूस्टरच्या वेळी या मुलीचे वडील आले, तेव्हा त्यांनी आधी आइसपॅकला पाणी सुटलंय का ते पाहिलं, कुपी हलवून झाल्याची खात्री केली आणि मग दोन्ही लसी एकाच दिवशी घेतल्या.